घराण्याचा वारसा आणि छिन्नमनस्कता

सातारा आणि सांगलीकडच्या व्यापारी घरांत सोयरीक ठरण्यापूर्वी जी चौकशी होते, तिच्यात पेढीची पत, माणसांचा स्वभाव, मामाकडचे नाव आणि जमल्यास दुकानाची उलाढाल एवढ्या गोष्टी उघडपणे विचारल्या जातात. एक प्रश्न मात्र आवाज खाली आणून, बहुधा तिसऱ्या माणसामार्फत विचारला जातो : ‘‘घराण्यात कोणाला डोक्याचे काही आहे का?’’ उत्तरादाखल ‘‘धाकट्या काकांचे थोडे होते म्हणतात’’ एवढे जरी कानावर आले, तरी पुढचे बोलणे थांबते. पत्रिका परत येते आणि कारण सांगितले जात नाही. ज्या मुलीचे स्थळ असे मोडते, तिने त्या काकांना लहानपणी माडीवरच्या खोलीत दोन-चार वेळा पाहिलेले असते, इतकाच तिचा त्या आजाराशी संबंध.

हा प्रश्न विचारणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. मुलीचे कल्याण पाहणाऱ्या आईबापांनी चौकशी करूच नये, असे कोण म्हणेल? परंतु जे उत्तर ऐकून निर्णय घेतला जातो, त्या उत्तराची किंमत किती हे कोणी मांडून पाहत नाही. पेढीवर उधारी देताना जो माणूस दहा वेळा हिशेब करतो, तोच या बाबतीत हिशेबाशिवाय खाते बंद करून टाकतो. म्हणून आधी तो हिशेबच पाहावा.

छिन्नमनस्कता, म्हणजे इंग्रजी नावाने सर्वपरिचित असलेला स्किझोफ्रेनिया, बहुधा किशोरवयाच्या अखेरीस किंवा विशी-पंचविशीत डोके वर काढतो. हुशार मुलगा हळूहळू गप्प होतो, आंघोळ-जेवणाची टाळाटाळ करतो, रात्र रात्र जागतो. मग कोणी नसताना आवाज ऐकू येऊ लागतात. शेजारचा व्यापारी आपल्यावर पाळत ठेवतो आहे, घरचेच जेवणात काही घालत आहेत, अशा ठाम समजुती होतात. ‘छिन्न’ या शब्दामुळे आणि चित्रपटांमुळे एका देहात दोन माणसे राहणे म्हणजे हा आजार, असा समज पसरला आहे. तो चुकीचा आहे. स्विस मानसोपचारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये हे नाव दिले, तेव्हा त्यांच्या मनात विचार, भावना आणि वर्तन यांची एकमेकांशी असलेली जोडणी सुटते, असा अर्थ होता.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) छिन्नमनस्कता आणि तत्सम तीव्र मनोविकार आयुष्यात केव्हातरी झालेल्या प्रौढांचे प्रमाण सुमारे १.४ टक्के आढळले. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने केलेल्या या सर्वेक्षणातील बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता; गुजरात आणि राजस्थान मात्र होते, ज्या मुलखांशी आपल्यापैकी अनेक घरांची नाळ आहे. निव्वळ छिन्नमनस्कतेचा विचार केला तर जगभर साधारण शंभरात एक हा आकडा धरला जातो. म्हणजे हजार माणसांच्या कोणत्याही समाजमेळाव्यात दहा घरांची गोष्ट.

आता वारसा. अमेरिकन संशोधक अर्व्हिंग गॉट्समन यांनी युरोपातील अनेक दशकांचे कौटुंबिक अभ्यास एकत्र करून एक तक्ता तयार केला आणि तो आजही उद्धृत होतो. त्यानुसार सख्ख्या भावाला किंवा बहिणीला आजार असेल तर धोका शंभरात सुमारे ९. आई किंवा वडिलांपैकी एकाला असेल तर अपत्यांना सुमारे १३. दोघांनाही असेल तर ४६. काका, मामा, आत्या, मावशी यांना असेल तर पुतण्या-भाच्यांना साधारण ४, आणि चुलत किंवा मामे-आते भावंडांना २. पुढे संपूर्ण देशांच्या आरोग्य-नोंदींवरून झालेल्या अभ्यासांत यांतील काही आकडे याहूनही कमी आले. ज्या काकांमुळे स्थळ मोडले, त्यांच्या पुतणीचा धोका शंभरात एकाऐवजी फार तर चार, म्हणजे शंभरातल्या शहाण्णव पुतण्यांना हा आजार होत नाही. उलट बाजूही पाहावी : ज्यांना हा आजार होतो, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या आईवडिलांना किंवा भावंडांना तो झालेला नसतो. तेव्हा ‘स्वच्छ’ घराणे निवडल्याने संरक्षण मिळते, ही समजूतही हिशेबात टिकत नाही.

तरीही आनुवंशिकतेचा वाटा खरा आहे, आणि तो नाकारणे म्हणजे दुसऱ्या बाजूची चूक. विसाव्या शतकाच्या मध्याला पाश्चात्य मानसोपचारात आईच्या थंड किंवा जाचक वागण्यामुळे मुलाला हा आजार होतो, असे बरीच वर्षे शिकवले जात होते. आपल्याकडे ते शास्त्र न शिकताही हाच आरोप सासरच्या मंडळींनी सुनेवर केलेला आढळेल. या आरोपाचे उत्तर १९६६ मध्ये लिओनार्ड हेस्टन यांनी दिले. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात छिन्नमनस्क मातांपासून जन्मतःच दूर नेऊन अन्यत्र वाढवलेल्या ४७ मुलांचा त्यांनी प्रौढपणी शोध घेतला. त्यांतील पाचजणांना आजार झाला होता. तशाच परिस्थितीत वाढलेल्या, पण ज्यांच्या मातांना हा आजार नव्हता अशा ५० जणांत एकालाही नव्हता. आईने वाढवले नाही तरी आईकडून काही आले होते, हे त्यातून दिसले.

परंतु जे आले ते सर्वस्व नव्हते. एकाच बीजांडातून जन्मलेल्या जुळ्यांचा जनुकसाठा जवळजवळ सारखा असतो. त्यांतील एकाला छिन्नमनस्कता झाली तर दुसऱ्याला होण्याचे प्रमाण निरनिराळ्या अभ्यासांत सुमारे ३३ ते ५० टक्के आढळले आहे. वारसा हाच एकमेव कारभारी असता, तर ते शंभर असायला हवे होते. अमेरिकेत १९३० साली जन्मलेल्या चार एकसारख्या बहिणींचे उदाहरण मानसोपचाराच्या ग्रंथांत प्रसिद्ध आहे. जनाइन या टोपणनावाने त्यांचा अभ्यास झाला. चौघींनाही आजार झाला, पण एकीचे आयुष्य बरेचसे रुळावर राहिले आणि दुसरीचे बहुतांशी रुग्णालयात गेले. जनुके तीच, घर तेच, आणि खाते मात्र चार प्रकारांनी बंद झाले.

शास्त्रज्ञ या आजाराची आनुवंशिकता सुमारे ८० टक्के सांगतात. हा आकडा फार घोटाळा करतो. रुग्णाच्या मुलाला आजार होण्याची शक्यता ८० टक्के, असा त्याचा अर्थ अजिबात नाही. सांगलीच्या बाजारात हळद येते. समजा, शंभर शेतांना पाणी, खत आणि माती अगदी सारखी मिळाली, तर त्यांच्या उताऱ्यात जो फरक दिसेल तो बहुतेक बेण्यामुळेच असेल. म्हणून बेण्याचा वाटा मोठा ठरतो. यावरून एखाद्या ठरावीक शेतात किती हळद निघेल हे मात्र सांगता येत नाही. आनुवंशिकतेचा टक्का माणसामाणसांतील फरकाविषयी बोलतो, एका माणसाच्या भवितव्याविषयी नाही.

तर हे बेणे म्हणजे नेमके काय? प्रारंभी एखादे दोषी जनुक सापडेल, अशी आशा होती. स्कॉटलंडमधील एका कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या मनोविकार आढळत आणि त्यांच्या गुणसूत्रांत अदलाबदल झालेली होती. तिथून एका जनुकाचे नाव बरेच गाजले. नंतर आणखी काही नावे गाजली आणि मोठ्या अभ्यासांत विरून गेली. खरी प्रगती झाली ती अनेक देशांच्या प्रयोगशाळांनी आपापले नमुने एकत्र केल्यावर. २०१४ मध्ये जनुकसाठ्यातील १०८ ठिकाणे या आजाराशी निगडित दिसली. २०२२ मध्ये ७६,००० हून अधिक रुग्ण आणि २,४०,००० हून अधिक निरोगी व्यक्तींच्या तुलनेतून ती संख्या २८७ झाली. या प्रत्येक ठिकाणी असलेला फरक तुमच्या-आमच्यातल्या कोट्यवधी निरोगी माणसांतही असतो आणि तो एकटा धोका अगदी थोडा वाढवतो. एक मोठी थकबाकी नव्हे, तर शेकडो खात्यांवरची किरकोळ येणी. कोणाच्या वहीत ती जास्त जमा होतात, कोणाच्या कमी. यांतील बरीचशी जनुके मेंदूतील पेशी जिथे एकमेकींना संदेश देतात, त्या जोडांच्या कामात गुंतलेली आहेत.

क्वचित मात्र एखादे येणे खरोखर मोठे असते. बाविसाव्या गुणसूत्राचा एक छोटा तुकडा जन्मतःच गळालेला असेल तर प्रौढपणी तीव्र मनोविकार होण्याची शक्यता सुमारे चारात एक इतकी वाढते. अशा मुलांत हृदयातील दोष, टाळूतील फट, रक्तातील कॅल्शियम कमी असणे, शिकण्यातील अडचणी अशा खुणा बहुधा लहानपणीच दिसतात आणि मेंदूच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळही सरासरीहून कमी आढळते. ज्या रुग्णात मनोविकाराबरोबर अशा खुणा असतील, त्याच्याबाबत आनुवंशिक तपासणीला खरा अर्थ आहे. इतरांबाबत तिच्याविषयी पुढे लिहिले आहे.

मेंदूच्या रचनेत काही फरक असतो का, याचे पहिले ठोस चित्र १९७६ मध्ये लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयात ईव्ह जॉनस्टन आणि सहकाऱ्यांनी काढले. त्या वेळी नव्या असलेल्या सीटी स्कॅनने त्यांनी दीर्घकाळ आजारी असलेल्या रुग्णांच्या मेंदूतील द्रवाने भरलेल्या पोकळ्या मोठ्या झालेल्या दाखवल्या. ‘मनाचा’ आजार छायाचित्रात दिसू शकतो, हे तेव्हा अनेकांना पटले नव्हते. चाळीस वर्षांनी, अनेक देशांतील दोन हजारांहून अधिक रुग्णांचे एमआरआय एकत्र तपासले गेले, तेव्हाही त्या पोकळ्या मोठ्या आणि स्मरणाशी संबंधित हिप्पोकॅम्पस हा भाग किंचित लहान आढळला. पुढे मेंदूची बाह्य सालही सरासरीने पातळ असल्याचे दिसले. ‘सरासरीने’ हा शब्द इथे महत्त्वाचा. रुग्ण आणि निरोगी यांची मोजमापे एकमेकांत इतकी मिसळलेली आहेत की, एका माणसाचा एमआरआय पाहून त्याला छिन्नमनस्कता आहे की नाही हे सांगता येत नाही. डॉक्टर स्कॅन सांगतात ते गाठ, इजा किंवा अन्य आजार नाही ना, हे पाहण्यासाठी. ‘‘स्कॅन नॉर्मल आला, म्हणजे नाटक करतो’’ हे वाक्य ज्या घरात उच्चारले जाते, तिथे रुग्णावर दुहेरी अन्याय होतो.

मग जनुकातील फरक आणि मेंदूतील फरक यांची सांगड कशी लागते? एक धागा २०१६ मध्ये हाती आला. सहाव्या गुणसूत्रावर सी-फोर नावाचे एक जनुक आहे. शरीराच्या प्रतिकारशक्तीत ते जंतूंवर खूण करण्याचे काम करते. हार्वर्डमधील स्टीव्हन मॅकॅरोल, बेथ स्टीव्हन्स आणि सहकाऱ्यांनी दाखवले की, या जनुकाच्या ज्या प्रकारामुळे मेंदूत ते अधिक काम करते, त्या प्रकाराच्या माणसांत छिन्नमनस्कतेचा धोका थोडा अधिक असतो. आणि उंदरांच्या मेंदूत हेच जनुक पेशींच्या जोडांवर ‘हा काढून टाका’ अशी खूण करते. द्राक्षबागेत छाटणी लागतेच. फांद्या वाढू दिल्या तर घड येत नाहीत. वाढत्या वयात मेंदूही आपले जास्तीचे जोड छाटून कार्यक्षम होतो, आणि विचार व नियोजन करणाऱ्या पुढच्या भागात ही छाटणी किशोरवयापासून विशीपर्यंत चालते. कात्री गरजेपेक्षा जास्त चालली तर? आजार नेमका त्याच वयात का सुरू होतो आणि साल पातळ का दिसते, या दोन्ही प्रश्नांना इथे एक उत्तर मिळू शकते. ते अद्याप पूर्ण सिद्ध झालेले उत्तर नाही, आणि हे एक जनुक सगळ्या रुग्णांचे कारण तर नाहीच.

त्याच वर्षी दुसऱ्या एका मोठ्या अभ्यासाने उत्साहाला लगाम घातला. छिन्नमनस्कतेचा धोका वाढवणारे सर्वसामान्य जनुकफरक आणि मेंदूच्या आतील भागांचा लहानमोठेपणा ठरवणारे जनुकफरक एकच आहेत का, हे त्यात पाहिले गेले. तसा मेळ आढळला नाही. म्हणजे रुग्णांचा हिप्पोकॅम्पस लहान असतो हे खरे, पण तो आजाराच्या वारशातून थेट लहान झाला असे म्हणता येईना. आजारपण, ताण, जन्माच्या वेळची गुंतागुंत, कदाचित औषधे, यांचाही त्यात हात असू शकतो. दोन्ही वह्यांतल्या बेरजा बरोबर असूनही ताळमेळ लागत नाही, असा अनुभव हिशेबनिसाला नवा नाही. अशा वेळी प्रामाणिक माणूस मधली नोंद शोधत राहतो. खोटी नोंद घालून पुस्तक जुळवत नाही.

कार्याच्या बाबतीत मात्र एक गोष्ट पक्की आहे, आणि तिची एक कडी भारतीय मातीत आहे. सर्पगंधेचे मूळ वेड आणि निद्रानाश यांवर आपल्याकडे पूर्वापार दिले जाई. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्या गुणांविषयी शास्त्रीय नियतकालिकात लिहिले; १९४९ मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तम जल वकील यांचा रक्तदाबावरील तिच्या उपयोगाविषयीचा लेख ब्रिटिश नियतकालिकात आला आणि जगाचे लक्ष वेधले गेले. तिच्यापासून काढलेले रिसर्पीन मेंदूतील डोपामिनचा साठा रिकामा करते, हे स्वीडनच्या अर्विड कार्लसन यांनी १९५० च्या दशकात दाखवले. आज वापरातल्या बहुतेक औषधांचा परिणाम डोपामिनच्याच मार्गावर होतो, आणि रुग्णांच्या मेंदूच्या खोल भागात आजाराच्या काळात डोपामिन प्रमाणाबाहेर तयार होते, हे स्कॅनमधून दिसले आहे. यावरून कोणी गोळ्या बंद करून सर्पगंधेची मुळी उगाळू नये. रिसर्पीनने मन खचते आणि रक्तदाब धोकादायक रीतीने उतरतो, म्हणूनच ते मागे पडले.

हल्ली घरबसल्या लाळेचा नमुना पाठवून ‘आनुवंशिक धोका’ सांगणारे अहवाल मिळू लागले आहेत. लग्नाच्या चौकशीत उद्या तेही मागितले जातील. शेकडो जनुकफरकांची बेरीज करून काढलेला गुण आजही एका माणसाबाबत भाकीत करण्यास पुरेसा नाही. शिवाय तो ज्या नमुन्यांवर बेतलेला आहे, ते प्रामुख्याने युरोपीय व पूर्व आशियाई वंशाच्या लोकांचे आहेत. सांगलीच्या माणसाला तो लावणे म्हणजे परगावच्या मापाने इथला माल मोजणे. अशा कागदावर कोणाचे स्थळ मोडू नये.

लपवाछपवीचे समर्थन मात्र यातून निघत नाही. ज्याला स्वतःला आजार आहे, त्याचे लग्न ‘‘लग्न झाले की सुधारेल’’ म्हणत उरकणे, गोळ्या लपवून घेण्यास सांगणे, आणि मग आजार उलटल्यावर नव्या सुनेला पांढऱ्या पायाची ठरवणे, हे आपल्या समाजात घडलेले आहे. हिंदू विवाह कायदा १९५५ जैनांनाही लागू आहे. महत्त्वाची वस्तुस्थिती फसवणुकीने लपवून संमती मिळवली, तर तो विवाह रद्द करून मागता येतो. दुसरीकडे, नुसते निदानाचे नाव पुढे करून घटस्फोट मिळत नाही. आजाराची तीव्रता इतकी असावी लागते की एकत्र राहणे वाजवीपणे अपेक्षित धरता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये रामनारायण गुप्ता प्रकरणात सांगितले. व्यापारी घरांनी आणखी एक तरतूद वाचून ठेवावी. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार, एखाद्याला मानसिक आजार आहे एवढ्यावरून तो विकल मनाचा ठरत नाही. तसे सक्षम न्यायालयाने ठरवावे लागते. ‘त्याला कळत नाही’ असे म्हणून भावाची सही परस्पर घेणे किंवा भागीदारीतून नाव काढणे कायद्यात बसत नाही. याच कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारासाठी शारीरिक आजारासारखाच विमा देणे बंधनकारक केले आहे. पॉलिसीचे नूतनीकरण करताना हे विचारून घ्यावे.

उघडेपणाने काय साधते याचे उदाहरण शोधायला फार दूर जायला नको. मूळचे खानदेशातील आणि कॅनडातील कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवणारे डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला हा आजार झाला. त्यांनी तो लपवला नाही. १९९७ मध्ये पुण्यात त्यांच्या पुढाकाराने स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था उभी राहिली. रुग्णांचे नातेवाईक एकत्र बसून बोलू शकतील असे स्वमदत गट तिने चालवले. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ (२००४) या चित्रपटामागेही याच कामाची प्रेरणा होती. त्यात अतुल कुलकर्णी यांनी रंगवलेला शेष जितका लक्षात राहतो, तितकीच त्याला सांभाळताना दमून जाणारी बहीण. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या कार्यातून उभी राहिलेली ‘परिवर्तन’ ही संस्था व्यसनमुक्तीपासून सुरुवात करून मानसिक आरोग्याकडे वळली आहे. या भागात ‘येरवड्याला पाठवणे’ हा वाक्प्रचार अजून चेष्टेने वापरला जातो. ज्यांच्या घरचे माणूस खरोखर तिथे गेले आहे, त्यांच्यासमोर तो किती सहज निघतो, हे पाहिले की वाईट वाटते.

उपचाराबाबत एक घरगुती मुद्दा. चौविहार पाळणाऱ्या घरांत सूर्यास्तानंतर पाणीही वर्ज्य. रात्री झोपताना घ्यावयाची गोळी त्यामुळे चुकते, आणि पर्युषणातल्या सलग उपवासांत तर कित्येकांची औषधे आठ-दहा दिवस बंद होतात. आजार उलटण्याचे एक मोठे कारण औषध मध्येच थांबणे हे आहे. डॉक्टरांना आधी सांगितले तर पुष्कळदा गोळीची वेळ बदलता येते. काही रुग्णांना काही आठवड्यांतून एकदा घ्यावयाचे इंजेक्शनही चालते. हे विचारण्यात संकोच कसला? सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते, आणि बोलणाऱ्याला आपले नाव सांगण्याची सक्ती नसते.

मानसोपचारतज्ज्ञ पहिल्या भेटीत तीन पिढ्यांची माहिती विचारतात : कोणाला काय झाले होते, कोणत्या वयात, कोणत्या औषधाने गुण आला. आपल्या समाजात कुलसंमेलनांतून वंशावळी छापण्याची चांगली प्रथा आहे. त्यांत काही नावांपुढे नुसते ‘अविवाहित’ असते, काहींपुढे तेही नसते. घरातील वृद्ध मंडळी आहेत तोवर त्यांच्याजवळ बसून त्या नावांची खरी हकिकत एका वहीत लिहून ठेवावी. छापण्यासाठी नव्हे, डॉक्टरांना दाखवण्यासाठी.